एका कोयत्याची दोन पाकिटं

१८ ऑगस्ट, शुक्रवार

ही डायरी खताच्या दुकानदाराने दिलेली, तीही मागच्या सालची. त्यामुळे छापलेला वार खोटा आणि मी हाताने लिहिलेला खरा. दहावीपर्यंत निबंधात मी वर्गात पहिली यायचे. त्यानंतर सह्या सोडून काही लिहिलं नाही. आज लिहायला बसले, कारण हे बोलायला घरात कोणी नाही.

चार महिन्यांपासून माझ्या अंगावरून पांढरं जातं. वास येतो, ओटीपोटात कळ येते, उठता-बसता कंबर धरावी लागते. आज आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, खाजगी डॉक्टरकडे नेलं. त्याने पोटावर मशीन फिरवलं आणि आत्यांना म्हणाला, "पिशवी खराब झालीय. काढून टाका, नाहीतर पुढं कॅन्सर व्हायचा." मी विचारलं, गोळ्यांनी नाही का बरं होणार? तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "दोन लेकरं झाली ना? मग पिशवीचं काय काम?"

गर्भाची पिशवी म्हणजे त्याला बियाण्याचं रिकामं पोतं वाटत असावं. मला अजून तिशीही लागली नाही.

येताना आत्या खुशीत होत्या. "माजी सव्विसाव्या वर्षीच काढली. चोवीस वर्षं झाली, बग, काई तकलीफ न्हाई," म्हणाल्या. मग एसटीतून उतरताना त्यांनी एक हात दांड्याला आणि एक माझ्या खांद्याला लावला, आणि खाली आल्यावर घटकाभर पदराने वारा घेत उभ्या राहिल्या. त्यांना बाराही महिने उकडतं.

२१ ऑगस्ट, सोमवार

नागपंचमी. झोक्यावर बसले नाही, पोट दुखत होतं. लिंबाखाली बसून बायांचं बोलणं ऐकत राहिले. आमच्या टोळीत अकरा बाया, त्यातल्या सात जणींची पिशवी काढलेली. दात काढल्यासारखं सांगतात. एक म्हणाली, "सविते, काढून टाक. पाळी न्हाई, खाडा न्हाई."

खाड्याचं खरं आहे. आम्ही दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातो. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाच्या वहीत 'महारुद्र, एक कोयता' एवढंच असतं. त्या एकात मी आहे. पाल एक, चूल एक, भाकरी बांधायचं फडकं एक. त्यातलं अर्धं माणूस पोट धरून बसलं की अख्खा कोयता बसतो. म्हणून मुकादम सूर्यभानलाही वाटतं की बायांना पिशवी नसलेली बरी. परवा आत्यांना म्हणाला, "डॉक्टर माज्या ओळखीचा हाय, तारीख लगेच घेऊन देतो."

महारुद्रना, म्हणजे आमच्या मालकांना, विचारलं तर ते म्हणाले, "तुला बरं वाटंल तसं कर." हे उत्तर ते भाजी कशाची करू म्हटल्यावरही देतात.

मला भीती वाटते. टाक्यांची नाही, मी विळ्याने कापलेलं बोट स्वतः बांधलेली बाई आहे. माझ्या आतलं काहीतरी काढून नेतील आणि मी ते आयुष्यात एकदाही बघितलेलं नसेल, याची भीती वाटते.

२४ ऑगस्ट, गुरुवार

आरोग्य खात्याची आशाताई ऊसतोडीला जाणाऱ्यांची यादी करत आली होती. मी माठातलं पाणी देताना हळूच सगळं सांगितलं. ती पाणी न पिताच म्हणाली, "कापायला कुणाला हात लावू देऊ नगंस. आदी गंगाखेडच्या सरकारी दवाखान्यात चल, खोली नंबर सात. उद्या सकाळची एसटी." आत्यांना सांगितलं की यादीतल्या बायांची तपासणी आहे. हे खोटं नाही, यादीत मी आहेच.

२५ ऑगस्ट, शुक्रवार

खोली सातच्या दारावर लिहिलंय: समुपदेशक. आतल्या बाईंचं नाव पिंकी मॅडम. एवढी शिकलेली, चष्म्यातली, पन्नाशीला टेकलेली बाई आणि नाव पिंकी. मला हसू आलं, ते त्यांनी बघितलं. "वडील पूर्णेला रेल्वेत होते. लाडानं ठेवलं आणि शाळेत तेच लागलं. हसा, सगळेच हसतात," म्हणाल्या. मग माझी जीभ सुटली.

आजवर मला कोणी विचारलं नाही ते सगळं त्यांनी विचारलं. रंग कसा, वास कसा, लघवीला जळजळ आहे का, नवऱ्याला काही त्रास आहे का. मग शेजारच्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी पडदा लावून तपासलं. काय करणार ते आधी सांगत होत्या आणि नंतर करत होत्या. हात लावण्याआधी कोणी विचारतं, हे मला नवीन होतं.

पिशवीला आतून जंतूंची लागण झाली आहे. काढायची काही गरज नाही. चौदा दिवस घ्यायच्या गोळ्यांचं पिवळं पाकीट दिलं. हे ऐकून मी तिथेच रडले. पिंकी मॅडमनी फडकं पुढे केलं, ते चष्मा पुसायचं होतं.

मग त्या म्हणाल्या, "ताई, ही लागण संबंधातून होते. तुमच्याकडून त्यांना, त्यांच्याकडून तुम्हाला. तुम्ही एकट्या बऱ्या झालात तर परत होईल. दोघांनी औषध घ्यायला पाहिजे. त्यांना घेऊन या, आणि तोवर जवळ जाऊ नका." मी विचारलं, आली कुठून? त्या म्हणाल्या, "ते आज महत्त्वाचं नाही."

मी तर कुठे गेले नाही. हे वाक्य खोडणार होते. राहू देते.

२६ ऑगस्ट, शनिवार

मालक दवाखान्यात यायला तयार नाहीत. "मला काय झालंय? मला निस्ती उन्हाळी लागलीय." दोन महिने झाले, लघवीला आग होते म्हणून ते सकाळ-संध्याकाळ सब्जा पितात, धन्याचं पाणी पितात, काकड्या खातात. श्रावणात उन्हाळी लागलेला परभणी जिल्ह्यात हा एकच माणूस असेल. मी म्हटलं, मॅडम म्हणाल्या, दोघांनी औषध घ्यायचं. त्यांनी हात पुढे केला. "दोघांनीच घ्यायचं ना? मग दे माज्या वाट्याचं. दवाखान्यात कशाला जायचं?"

खरं सांगते, मला त्यांचा अभिमान वाटला. मनात म्हटलं, बरं-वाईट अर्धं-अर्धं वाटून घेणारा माणूस आहे. पिवळ्या पाकिटातली एक गोळी एकदाच घ्यायची होती, ती अडकित्त्याने बरोबर मधोमध कापली. बाकीच्या सकाळी आणि संध्याकाळी घ्यायच्या, त्यात सकाळच्या मी आणि संध्याकाळच्या ते. चौदा दिवस बरोबर पुरतात. उसाच्या फडावर आम्ही एका भाकरीचे असेच दोन भाग करतो, कधी भांडण झालं नाही. जवळ जायचं नाही म्हणून त्यांनी बाजही अंगणात टाकली.

२ सप्टेंबर, शनिवार

गोळ्यांनी तोंडाला कोयता चाटल्यासारखी चव येते, पण कळ कमी आहे. मालक म्हणतात, आग निम्मी झाली. निम्म्या गोळ्या घेतल्यावर निम्मीच कमी होणार, असं मी गमतीत म्हटलं आणि दोघंही हसलो.

११ सप्टेंबर, सोमवार

गोळ्या परवाच्या दिवशी संपल्या. काल आडातून पाणी ओढताना अशी कळ आली की दोर सुटला आणि बादली आत गेली. पांढरंही परत सुरू झालं. मालक परत सब्जावर आले आहेत.

आत्यांना सगळं सांगावं लागलं. त्या म्हणाल्या, "सरकारी गोळ्या आन् त्या पन फुकटच्या. त्यानं काय व्हतंय?" दुपारी सूर्यभान मुकादमाने फोनवर तारीख पक्की केली. पोळा झाला की शनिवारी, सोळा तारखेला ऑपरेशन. महिनाभर आराम आणि मग फडावर. तो म्हणाला, "वहिनी, येकदा काढली की मोकळ्या."

गोळ्यांनी गुण आला नाही, मग कोणत्या तोंडाने बोलू? पिंकी मॅडम चांगली बाई आहे, पण तिचं चुकलं असणार.

१४ सप्टेंबर, गुरुवार

पोळा. बैल धुतले, शिंगं रंगवली. परवाचा दिवस डोळ्यापुढून हलत नाही. दवाखान्याच्या कार्डावर उद्याची तारीख आहे, 'फेरतपासणी'. मी आत्यांना म्हटलं, एकदा जाऊन कार्ड तरी परत देऊन येऊ. कार्ड कोणी परत मागितलेलं नाही. मला पिंकी मॅडमला एकदा बघायचं होतं, एवढंच. आत्या म्हणाल्या, "मीबी येते. तू एकलीच गेलीस की त्या बाया तुला भुलवितात."

१५ सप्टेंबर, शुक्रवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

पिंकी मॅडमनी विचारलं, गोळ्या कशा घेतल्या? मी छाती पुढे काढून सांगितलं. एक अडकित्त्याने कापली, सकाळच्या मी घेतल्या, संध्याकाळच्या त्यांनी, एकही चुकवली नाही. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे एका माणसाचं औषध दोघांत?" मी म्हटलं, "मंग? आमचा एकच कोयता हाय ना."

त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून टेबलावर ठेवावा लागला. डॉक्टरीणबाई बघायला आल्या, त्याही हसल्या. मग पिंकी मॅडम माझा हात धरून म्हणाल्या, "ताई, चूक माझी आहे. दोघांनी म्हणजे दोघांना वेगवेगळं, पुरतं, हे मी फोडून सांगायला पाहिजे होतं. अर्ध्या औषधानं जंतू मरत नाहीत, उलट घट्ट होतात. फडावर एक कोयता असेल. दवाखान्यात माणूस मोजतात. तुम्ही एक, ते एक." मी विचारलं, आणि उद्याचं ऑपरेशन? त्या म्हणाल्या, "याच्यासाठी? गोळ्यांनी बरं होणाऱ्या दुखण्यासाठी?"

आत्या तोवर दाराशी उकिडव्या बसून पदराने वारा घेत होत्या. त्यांनी तिथूनच विचारलं, "असं पांढरं जायाचं, वास यायाचा, कंबर मोडायची. ते गोळ्यानं बरं व्हतं?" मॅडम म्हणाल्या, "बहुतेक वेळा होतं, आजी." "आन् चोवीस वर्षांमागंबी व्हत व्हतं?" मॅडम उठून त्यांच्याजवळ आल्या. "होत होतं."

मग त्यांनी आत्यांना खुर्चीवर बसवलं आणि मला गोळ्यांच्या रांगेत पाठवलं. मी पाकीट घेऊन आले तरी दार बंदच होतं. अर्धा तास बंद होतं. आत्या आत माझी गाऱ्हाणी सांगत असणार, याबद्दल माझी खात्री होती. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते. "फॅन हाय तिथं, धूळ उडते," म्हणाल्या. त्यांच्याही हातात कार्ड होतं आणि कसल्या तरी हाडांच्या गोळ्या होत्या.

फाट्यावर एसटीतून उतरल्यावर आत्या मला म्हणाल्या, "सूर्यभानला फोन लाव." मी लावून दिला. "सूर्यभान, उद्याची तारीख मोड. का म्हंजे? माजी सून हाय म्हनून." आणि त्यांनी मोबाइल मला देऊन टाकला. मला कळेना, सकाळी माझ्यावर नजर ठेवायला आलेली बाई हीच का. बाईचं मन कशाने फिरेल सांगता येत नाही. मला काय, मी घरापर्यंत जवळजवळ पळतच आले.

१८ सप्टेंबर, सोमवार

मालकांना आत्यांनीच दवाखान्यात नेलं. ते म्हणाले, मला शेतात काम आहे. आत्या म्हणाल्या, "महारुद्र, तू गुमान चालतोस का मी गावात सांगू कशाला चाललास ते?" चौतिशीचा गडी पायतण घालून निमूट पुढे झाला.

दोघांचंही रक्त तपासलं. मोठ्या रोगांचं काही निघालं नाही. मालकांच्या गोळ्या वेगळ्या, करड्या पाकिटातल्या, तिथेच मॅडमसमोर एका वेळी गिळायच्या. दोघांनी एकदमच सुरू करायचं म्हणून शुक्रवारी मिळालेलं माझं पाकीटही मी आजच फोडलं. ते रुसल्यासारखे म्हणाले, "मला येकाच दिसाच्या आन् हिला चौदा दिसाच्या?" दोघांची कार्डं निराळी, नंबर निराळे. माझ्या कार्डावर आधी माझं नाव आहे आणि नंतर त्यांचं.

परत येताना आत्या पानपुडीला गेल्या आणि आम्ही स्टँडवर बाकड्यावर बसलो. मी भेळ खात होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मागच्या हंगामात तू तुज्या आईच्या दुखन्यासाठी पंधरा दिस गावाकडं आलीस. तवा कारखान्यावर... येकदाच. मला वाटलं निस्ती उन्हाळी हाय. मला वाटू द्यायचं व्हतं."

मी भेळ संपवली. कागदाची घडी केली, अजून एक घडी केली, मग घडी होईना. माझ्या पोटातलं दुखणं ह्यांनी आणलं आणि मी ते चार महिने माझंच म्हणून वागवलं. ह्यांच्या उन्हाळीला मी सब्जा भिजत घातला. आणि परवा मी माझी पिशवी कापून द्यायला निघाले होते. हे ठाऊक असून ते 'तुला बरं वाटंल तसं' म्हणाले. मला इतका राग आला की रडूही आलं नाही. रडू घरी आलं.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांची बाज अंगणातच आहे. शेजारीण आत्यांना विचारते, भांडण झालं का. औषधामुळेही बाज अंगणात आणि भांडणामुळेही, त्यामुळे आत्यांना काय सांगावं सुचत नाही.

पण एक लिहायला हवं. पहिल्या दिवसापासून सकाळी आणि संध्याकाळी ते तांब्या घेऊन येतात, तळहातावर गोळ्या धरून उभे राहतात आणि मी गिळेपर्यंत हलत नाहीत. विसरू नये म्हणून त्यांनी मोबाइलमध्ये गजर लावलाय. गजर लग्नातल्या बँडचा आहे, दुसरा त्यांना लावता येत नाही.

आज महालक्ष्म्यांचं जेवण. दोघी बहिणी मखरात उभ्या, दोघींपुढे दोन ताटं. सवाष्णींची पंगत उठायला संध्याकाळ झाली आणि मग गडीमाणसांची पंगत बसली. मी पुरणपोळी वाढत होते. एवढ्यात मालकांच्या खिशात बँड वाजायला लागला. सगळी पंगत दचकली. ते तसेच उठले, आमटीने माखलेल्या हाताने खिसा चाचपत घरात गेले आणि तांब्या-गोळ्या घेऊन पंगतीमधून माझ्यासमोर येऊन उभे राहिले. तीस माणसं बघत होती. कोणीतरी म्हणालं, "महारुद्र, बायकोचा कंपाउंडर झालास का रं?" कान लाल झाले, पण ते हलले नाहीत.

मी म्हटलं, "आदी हात धुवा."

चार दिवसांनंतरचे हे माझे पहिले शब्द. ते इतके खूश झाले की हात धुवायला पळाले आणि येताना साबण हातातच घेऊन आले. मखराशी बसलेल्या आत्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. मीही हसले, थांबवता आलं नाही. माफ केलं असं लिहीत नाही, कारण अजून केलेलं नाही. पण मला हसू आलं, हे खरं आहे.

१ ऑक्टोबर, रविवार

आज शेवटची गोळी. मला शेवटची कळ कधी आली ते आठवत नाही. आठवत नाही हे आज आडावर लक्षात आलं, तेव्हा मी तीन बादल्या जास्त ओढल्या, उगीच. मालकांनी काकडी खाणं सोडलंय.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

पुरती बरी. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "पिशवी उत्तम आहे. सांभाळा." मी पिंकी मॅडमला पाच किलो भोपळा नेला होता. त्या नको नको म्हणत होत्या, पण त्यांचे हात आधीच पुढे आले होते. त्यांनी निरोधची पाकिटं दिली आणि फडावर कशी जपायची ते सांगितलं. मालकांनी ती माझ्या देखत मुकाट खिशात घातली.

आज एसटीत आम्ही दोघंच नव्हतो. आत्यांनी आख्ख्या टोळीत सांगितलंय. जी कोणी पिशवी काढायचं म्हणेल तिला त्या विचारतात, "खोली सात बघितलीस का?" नसेल तर तिला आणि तिच्या नवऱ्याला एसटीत घालतात. आज आमच्याशिवाय तीन जोडपी होती. बाया पुढे गप्पा मारत होत्या आणि नवरे मागच्या सीटवर खिडकीबाहेर बघत होते, शाळेत उशिरा आलेल्या पोरांसारखे. एकजण हळूच मालकांना विचारत होता, "सुई असते का?" मालक मोठ्या अनुभवी माणसासारखे म्हणाले, "रक्तापुरती. भ्यायचं काई न्हाई. पन गोळी अर्धी करायची न्हाई."

दवाखान्यात आत्यांनी त्या तिघींना रांगेने बसवलं. सगळ्यात लहान पोरगी विशीची असेल, तिलाही ऑपरेशनची तारीख मिळाली होती. तिचं काम होईपर्यंत आत्या तिचा हात धरून बसल्या होत्या. माझा हात त्यांनी असा कधी धरला नाही. थोडं वाईट वाटलं, पण ती पोरगी घाबरलीही फार होती.

१५ ऑक्टोबर, रविवार

घटस्थापना. मालकांची बाज घरात आली आहे. याच्यापुढे लिहीत नाही, माझ्या लेकीला, राजेश्रीला, आता वाचता येतं.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

ट्रॅक्टर आलाय. भांडी, पालं, जळण सगळं बांधून झालं. लेकरं आत्यांजवळ राहणार. राजेश्री आणि राम सकाळपासून माझा पदर सोडत नाहीत. ट्रॅक्टर निघेपर्यंत पारावर बसून लिहून घेते.

मघाशी मुकादम सूर्यभान वही घेऊन बसला होता. "महारुद्र, येक कोयता," म्हणत त्याने लिहायला सुरुवात केली. मालक म्हणाले, "सविताचं नाव लिव्हा." सूर्यभान म्हणाला, "कोयता येकच न्हवं का? नाव कशाला?" मालक म्हणाले, "कोयता येक असंल. मान्सं दोन हायत. फडावर दवाखान्यात न्यायची पाळी आली तर कुनाला न्यायचं ते वहीत दिसाया पाहिजे." एवढं लांब वाक्य ते मुकादमासमोर पहिल्यांदाच बोलले. सूर्यभानने माझ्याकडे बघितलं, मी सांगितलं, "सविता. दहावी पास." त्याने दहावी पास लिहिलं नाही, पण नाव लिहिलं.

मग मागून एक बाई म्हणाली, "माजंबी लिव्हा." मग तिच्यामागची म्हणाली. विशीतली ती पोरगीही पुढे झाली. सूर्यभान घाम पुसत होता. एका कोयत्याला एक ओळ आखलेली होती, त्यात दोन नावं मावेनात. शेवटी त्याला पान उलटावं लागलं. अकरा कोयत्यांची बावीस नावं झाली. बाया हसत होत्या, स्वतःचं नाव वहीत बघायला एकमेकींना ढकलत होत्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मी बोट ठेवून दाखवलं.

आत्यांनीही बघितलं. "यात माजं कधी नव्हतं," म्हणाल्या. त्यांनी सतरा हंगाम ऊस तोडलाय. मी म्हटलं, "आत्या, माज्या डायरीत लिव्हू का तुमचं?" त्या म्हणाल्या, "लिव्ह." म्हणून लिहिते: दगडाबाई.

आता त्यांनी माझ्या गाठोड्यात लाडू, कार्ड आणि पिंकी मॅडमचा नंबर लिहिलेला कागद, तीन ठिकाणी, खोचलाय. मग माझ्या पोटावर हात ठेवला, लेकरू पोटात असताना ठेवायच्या तसा. म्हणाल्या, "सविते, गेलीस तशी पुरी माघारी ये."

मी हसून म्हटलं, "आत्या, अर्धी कशाला येईन? पुरीच येईन की."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी हात काढला नाही, ट्रॅक्टरवाल्याने दोनदा हॉर्न दिला तरी. मग त्यांच्या कमरेला खोचलेल्या मोबाइलमध्ये बँड वाजायला लागला. त्यांच्या हाडांच्या गोळीची वेळ झाली होती. मालकांनी जाण्याआधी त्यांनाही गजर लावून दिलाय. आता मात्र त्या हसल्या, आणि मी धावत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आले. त्यांनी गोळी तळहातावर घेतली, मला दाखवली आणि अख्खी गिळली.